एकाचे अनेक : केळ्यांची खोकी आणि एसचा घोळ

प्रश्न : सर, मी केळीच्या पॅकहाऊसमध्ये बिलिंगला आहे. माल बाहेर जातो म्हणून बिलं इंग्लिशमधून. मी 'बनाना बॉक्सेस' लिहिलं तर शेठ म्हणतात खोक्यात काय एकच केळं असतं का, 'बनानाज बॉक्सेस' कर. कोण बरोबर?
– एक वाचक, रावेर

उत्तर : भाऊ, बरोबर तुम्हीच, फक्त शेठला सांगताना मूड बघून सांगा. इंग्लिशमध्ये दोन नामं अशी लागून आली की पहिलं नाम नुसतं खोकं कसलं ते सांगतं, म्हणून ते बहुतेक वेळा एकवचनीच राहतं आणि एस लागतो दुसऱ्याला, मग आत शंभर केळी असू देत नाहीतर हजार. टोमॅटो क्रेट्स, मँगो ट्रीज, सगळं तसंच. 'स्पोर्ट्स डे'सारखे अपवाद आहेत पण थोडे. मात्र मध्ये 'ऑफ' आला की खेळ बदलला, '500 बॉक्सेस ऑफ बनानाज', इथे दोन्हीकडे एस पाहिजेच. आणि हो, त्या एसच्या आधी वर टिंब-शेपटी, म्हणजे अ‍ॅपॉस्ट्रॉफी, अजिबात टाकू नका, ती मालकीसाठी असते, दुकानांच्या पाट्यांवर ती का चिकटवतात देव जाणे.

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. पोटॅटोला ईएस आणि फोटोला नुसता एस, असं का?
– एक आई, धुळे

उत्तर : ताई, पक्का नियम नाही, पण निम्मं काम होईल एवढं सांगतो. फोटो म्हणजे फोटोग्राफ अर्धा तोडलेला, किलो म्हणजे किलोग्रॅम, अशा तोडलेल्या शब्दांना नुसता एस. ओच्या आधी स्वर असेल तरी नुसता एस, रेडिओ, स्टुडिओ, व्हिडिओ. पोटॅटो, टोमॅटो, हिरो, एको यांना ईएस, हे चार सरळ पाठ करून टाकायला सांगा. मँगोला दोन्ही चालतं, कुणी मार्क कापलेच तर डिक्शनरी घेऊन जा.

प्रश्न : 'फर्निचर्स' चालतं का?
– नंदुरबार

उत्तर : नाही. लगेज, इन्फर्मेशन, इक्विपमेंट, अ‍ॅडव्हाइस यांनाही एस नाही. मोजायचंच असेल तर 'टू पीसेस ऑफ फर्निचर'.

प्रश्न : पोळ्यावर निबंध होता, पोराने 'ऑक्सेस' लिहिलं, बाईंनी लाल गोल केला. बॉक्सचं बॉक्सेस मग ऑक्सचं का नाही?
– अमळनेर

उत्तर : बाईंचं बरोबर, 'ऑक्सन'. जुन्या इंग्लिशमध्ये बऱ्याच नामांचं अनेकवचन असं 'न' लावूनच व्हायचं, डोळ्यांनासुद्धा एस नव्हता, पुढे एसने सगळ्यांना गिळलं आणि बैल तेवढे वाचले. चिल्ड्रनमधला शेवटचा 'न' त्याच घराण्यातला, तो मुळात अनेकवचनीच, त्यामुळे 'चिल्ड्रन्स आर प्लेइंग' लिहिलं तर दुसरा लाल गोल ठरलेला. फॉक्सचं मात्र फॉक्सेसच.