अमेरिकेत एखाद्या राज्याने आपल्यापुरता सर्वांसाठी आरोग्यविमा का सुरू करू नये?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राष्ट्रीय पातळीवर दर वेळी घोडं अडतंच, तर एखाद्या राज्याने 'सिंगल पेअर' पद्धत, म्हणजे सगळ्यांची बिलं भरणारा एकच सरकारी विमा, आपल्यापुरती का आणू नये? महाराष्ट्राने नाही का, केंद्राची आयुष्मान भारत २०१८ मध्ये येण्याच्या सहा वर्षं आधी जीवनदायी योजना सुरू केली?

एका राज्याने हे खरोखर हाती घेतलं होतं आणि तेव्हा मी त्याच राज्यात राहत होते. व्हरमाँट. वस्ती सव्वासहा लाख, म्हणजे आपल्या अमरावती शहराहूनही थोडी कमी. मी तिथल्या एका रुग्णालयाच्या बिलिंग विभागात काम करायचे. पित्ताशयाचं तेच ऑपरेशन, तोच सर्जन, पण पेशंटचा विमा बदलला की दर बदलायचा, फॉर्म बदलायचा, आधी परवानगी घ्यायची की नाही तेही बदलायचं. नाकारलेले क्लेम दुरुस्त करून परत पाठवणं हेच आमच्यातल्या कितीतरी जणींचं दिवसभराचं काम होतं. सिंगल पेअरमध्ये डॉक्टर आणि रुग्णालयं सरकारी होत नाहीत, फक्त बिल भरणारा एकच उरतो. आमच्या टेबलावर बसलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नव्हतं.

मे २०११ मध्ये गव्हर्नर पीटर शमलिन यांनी ही पद्धत व्हरमाँटमध्ये आणणाऱ्या कायद्यावर सही केली. योजनेचं नाव ग्रीन माउंटन केअर, सुरुवात २०१७ ला होणार होती. तैवानच्या आरोग्यविम्याची आखणी करणारे हार्वर्डचे विल्यम शाओ यांनी त्याआधी अहवाल दिला होता. मी एका जनसुनावणीला गेले होते, हातात नाव लिहिलेली चिठ्ठी, बोलायची पाळी आली तेव्हा घसा कोरडा पडला होता. हे होणार याबद्दल मला शंका नव्हती.

पैसे कुठून आणायचे याचा आराखडा मात्र पुढे पुढे जात राहिला. शमलिन नोव्हेंबर २०१४ ची निवडणूक जेमतेम जिंकले आणि १७ डिसेंबरला त्यांनी योजना सोडून देत असल्याचं सांगितलं. आकडे असे होते: मालकांवर पगाराच्या ११.५% कर आणि लोकांवर उत्पन्नानुसार ९.५% पर्यंत. विम्याचे हप्ते बंद होणार होते हे खरं, आणि बऱ्याच कुटुंबांचा एकूण खर्च कमीच झाला असता. पण हप्ता पगारातून गुपचूप कापला जातो, कर डोळ्यांसमोर येतो. माझ्या मते तरीही खरी अडचण त्या आकड्यात नव्हती, ती राज्याच्या हातात काय आहे यात होती.

१९७४ साली 'एरिसा' नावाचा केंद्रीय कायदा झाला, मुख्यतः कामगारांचं पेन्शन बुडू नये म्हणून. पण त्याच कायद्यामुळे कंपन्यांच्या आरोग्ययोजनांवरही राज्यांचा हात चालेनासा झाला. मोठ्या कंपन्या विमा विकत घेत नाहीत, उपचारांचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून भरतात आणि विमा कंपनी फक्त कागदपत्रं सांभाळते. नोकरीतून विमा मिळणाऱ्या दर दहा कामगारांपैकी सहा जण अशा योजनांत असतात. त्या योजना बंद करा असं राज्य सांगू शकत नाही. म्हणजे अशा कंपनीने आपली योजनाही चालवायची आणि वर राज्याचा करही भरायचा. २०१६ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने असाही निकाल दिला की अशा योजनांकडून क्लेमची नुसती माहितीसुद्धा व्हरमाँटला सक्तीने मागता येणार नाही. ज्याला साधी आकडेवारी मागता येत नाही, तो एकमेव बिल भरणारा कसा होणार?

मेडिकेअर हा वृद्धांचा सरकारी विमा वॉशिंग्टनच्या ताब्यात, सैनिकांचा विमाही तिथलाच. आमच्याकडचे कितीतरी लोक राहायला व्हरमाँटमध्ये, नोकरीला नदीपलीकडे न्यू हॅम्पशायरमध्ये. त्यांचा कर कुणी घ्यायचा, बिल कुणी भरायचं? 'एकच देणारा' हा सुरुवातीपासूनच कागदावर एक होता, प्रत्यक्षात अनेकांतला एक.

आणि मंदी. माणसांच्या नोकऱ्या जातात तेव्हा राज्याचा कर घटतो आणि नेमके तेव्हाच सरकारी विम्यावर लोक वाढतात. केंद्र कर्ज काढून निभावतं, जवळजवळ सगळ्या राज्यांना दर वर्षी अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी करावीच लागते. कॅलिफोर्नियासारखं श्रीमंत राज्यही इथेच अडलं: २०१७ मध्ये सिंगल पेअरच्या विधेयकाचा वर्षाला ४०० अब्ज डॉलर्सचा अंदाज निघाला, तिथल्या सिनेटने ते तरीही मंजूर केलं, पण खालच्या सभागृहाच्या सभापतींनी ते बाजूला ठेवलं. कोलोरॅडोत २०१६ ला अशाच प्रस्तावाला लोकांनीच प्रचंड मतांनी नाही म्हटलं.

मग राष्ट्रीय कायद्याचीच वाट पाहायची का? माझी एक जुनी सहकारी मुलीजवळ राहायला टेक्सासला गेली. वय ५८, मधुमेह, गुडघे गेलेले, अर्धवेळ काम. व्हरमाँटमध्ये तिला मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी विमा, मिळालं असतं. टेक्सासमध्ये मुलं मोठी झालेल्या, अपंगत्वाचा दाखला नसलेल्या प्रौढाला कितीही गरिबी असली तरी ते मिळत नाही. २०१० च्या ओबामांच्या राष्ट्रीय कायद्यात अशा गरीब प्रौढांना मेडिकेड देण्याची सोय सगळ्या राज्यांसाठी होती. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती राज्यांच्या मर्जीवर सोडली आणि दहा राज्यांनी ती अजून घेतलेली नाही. माझी ही सहकारी ६५ वर्षांची होऊन मेडिकेअर मिळेपर्यंत इन्सुलिन पुरवून पुरवून वापरायची. फोनवर ती हे सहज सांगायची आणि मला रात्री झोप लागायची नाही. राज्यांवर सोपवण्याची किंमत अशी असते.

त्यामुळे 'केंद्र की राज्य' या वादात मला सर्वांत जास्त शिकवलं ते कॅनडाने. तिथे सुरुवात एका प्रांतातूनच झाली. सस्कॅचवानची वस्ती तेव्हा दहा लाखांच्या आत. १९४७ मध्ये त्यांनी रुग्णालयाचा खर्च सर्वांसाठी उचलला, १९६२ मध्ये डॉक्टरांची फीसुद्धा. त्यावर डॉक्टरांनी २३ दिवस संप केला, पण प्रांताने योजना मागे घेतली नाही. पण मधल्या १९५७ च्या कायद्याने केंद्राने रुग्णालयांचा साधारण अर्धा खर्च द्यायला सुरुवात केली, १९६६ मध्ये डॉक्टरांच्या सेवांसाठीही कायदा केला, आणि १९७२ पर्यंत सगळे प्रांत आत आले होते. सस्कॅचवानला एरिसासारखी भिंत आडवी नव्हती आणि पाठीशी ओटावाचा, म्हणजे कॅनडाच्या केंद्राचा पैसा आला. व्हरमाँटकडे यातलं काहीच नव्हतं.

तुमच्या जीवनदायीच्या उदाहरणातही हेच दिसेल. महाराष्ट्राला ती योजना सुरू करताना दिल्लीच्या कुठल्या कायद्यातून सुटका मागावी लागली नव्हती.

म्हणून मी स्वतः आता राज्याच्या विधेयकांसाठी सह्या गोळा करत नाही. कॅलिफोर्नियाचे खासदार रो खन्ना यांनी २०१९ पासून एक विधेयक पुन्हापुन्हा मांडलं आहे: ज्या राज्याला सर्वांना विमा द्यायचाय त्याला एरिसातून सूट आणि मेडिकेअर-मेडिकेडचा केंद्रीय पैसा एकत्र वापरायची मुभा. ते अजून मंजूर झालेलं नाही. माझ्या भागातल्या प्रतिनिधीच्या कार्यालयात मी फोन करते तो याच विधेयकासाठी. तुम्ही अमेरिकेतले मतदार असाल तर तुमच्या प्रतिनिधीला एवढंच विचारा, एरिसाच्या सवलतीवर त्यांचं मत काय. 'सर्वांना विमा हवा' यावर हो म्हणणारे खूप भेटतील, या प्रश्नावर किती जण हो म्हणतात ते पाहा.