मुंबईवरील निरनिराळ्या धाटणीच्या मराठी कादंबऱ्यांपैकी सुरुवात कोणत्या कादंबरीपासून करावी?

राजकारणाची आवड असल्यास अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’पासून सुरुवात करावी आणि मग ‘सिंहासन’ वाचावे. १९७९ मधील ‘सिंहासन’ हा चित्रपट या दोन्ही कादंबऱ्यांवर बेतलेला असल्याने तो पाहिलेल्यांनाही पत्रकाराच्या नजरेतून उलगडणारे सत्तेचे लागेबांधे येथे अधिक तपशिलात सापडतील.

माझी पहिली पसंती मात्र भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ला आहे. नाक्यावर टवाळक्या करणाऱ्या पोरांची रांगडी बोली त्यांनी कोठेही न सोवळी करता कागदावर उतरवली, आणि नेमक्या त्याच कारणाने अश्लीलतेचे आरोप होऊन साहित्यविश्वात वादळ उठले (आजही ती सर्वांच्या पचनी पडेलच असे नाही). झोपडपट्टीचे वास्तव हवे असल्यास जयवंत दळवींची ‘चक्र’ किंवा मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ घ्यावी. निव्वळ रहस्यरंजनासाठी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा नायक झुंजार पुरेसा आहे.