पहिलीच बाइक: थेट ३५० सीसी घेऊ का? उंची ५ फूट ४ इंच, गिअरची सवय नाही

नको, निदान पहिलं वर्षभर तरी नको. अडचण ताकदीची कमी, वजनाची जास्त. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० भरते सुमारे १९५ किलो, होंडाची शाइन १२५ साधारण ११४. चालत्या गाडीत हा फरक फारसा जाणवत नाही; सिग्नलला क्लच पटकन सुटून गाडी बंद पडली आणि कलली, की मात्र जाणवतो. १९५ किलो एका पायावर पेलणं नवख्याचं काम नाही.

शोरूममध्ये बूट घालून बसा, साइड स्टँड काढा. दोन्ही चवडे नीट टेकले पाहिजेत. मग बसल्या बसल्या गाडी चार पावलं मागे ढकलून बघा. पार्किंगमध्ये रोज हेच करायचंय. सीटची उंची ७८०-७९० मिमी चालेल, पण सीट रुंद असेल तर तेवढ्याच उंचीला पाय कमी पोचतात. म्हणून कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका.

बजेट असेल तर १५०-१६० सीसी बघा. १२५ सीसीच्या वर एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, आणि घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबणं ही नवख्यांची हमखास चूक. वाळूवर, वळणात मात्र एबीएसही वाचवत नाही. हेल्मेटचे पैसे आधी बाजूला काढा, ॲक्सेसरीज नंतर.