दारू सुटली, तरी त्या वळणावर पाऊल का मंदावतं?

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी बारावी सायन्सला आहे, नीटची तयारी करतेय. तुमच्या धाकट्या भावाची, म्हणजे तिच्या काकांची, दारू सुटून आठ महिने झालेत. आणि आता ती म्हणते, व्यसनात आणि नैराश्यात मेंदूत काय घडतं ते मला शोधायचंय. तुमचा प्रश्न, तिला डॉक्टर करायचं की संशोधक? आणि ‘वेड्यांची डॉक्टर’ म्हणून लोक नावं ठेवतील त्याचं काय?

पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. काका रंकाळा तलावावर फिरायला निघाले की जुन्या गुत्त्याच्या वळणावर त्यांचं पाऊल आपोआप मंदावतं, हे तिनं पाहिलंय. नोरा वोल्कोव या मानसोपचारतज्ज्ञ पेट स्कॅन, म्हणजे मेंदूत काय चाललंय ते दाखवणारी तपासणी, वापरून व्यसनाचा अभ्यास करतात. २००६ साली त्यांच्या गटानं कोकेनच्या व्यसनी माणसांना कोकेन घेणाऱ्यांची नुसती चित्रफीत दाखवली. तेवढ्यानं मेंदूच्या सवयीशी जोडलेल्या भागात डोपामाइन हे ओढ लावणारं रसायन वाढलं, आणि ज्याची तलफ मोठी त्याच्यात जास्त वाढलं. काकांचं मंदावणारं पाऊल याच जातीचं आहे. तुमच्या लेकीनं ते रस्त्यात टिपलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: डॉक्टर की संशोधक हे आज ठरवूच नका. असे प्रश्न पेशंटसमोर बसल्यावर आणखी सुचतात. नीटमध्ये जमलं तर एमबीबीएस साडेपाच वर्षं, मग मानसोपचारात एमडी तीन वर्षं. पहिला टप्पा कोल्हापुरातही होऊ शकतो, आपलं शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच. पुढे संशोधनासाठी बेंगळुरूचं निम्हान्स, म्हणजे मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था. तिथं व्यसनमुक्तीचा स्वतंत्र विभाग आहे. वाट लांब आहे, हे तिला आत्ताच सांगा. नीटचे मार्क कमी पडले तर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतून जीवशास्त्राच्या वाटेनंही मेंदूपर्यंत जाता येतं.

लोकांचं म्हणाल, तर भावाला दवाखान्यात नेलंत तेव्हा तुम्ही लोकांना विचारलं नव्हतंत.

सध्या तिला एक वही द्या. काकांची परवानगी घेऊन, तलफ कधी उठते, त्याआधी काय झालं होतं, झोप कशी होती, हे तिनं त्यांनाच विचारून लिहावं. पण काकांना सांभाळायची जबाबदारी तिच्यावर नको, ती तुम्हा मोठ्यांची. त्यांचं मन फार खचलेलं दिसलं तर डॉक्टरांकडे न्या, आणि रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तिथं मराठीतही बोलता येतं.