भिंत खरवडणारी शंखी गोगलगाय

प्रश्न: ताई, पाऊस लागला की आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर मोठाल्या गोगलगायी चढतात आणि चुना खरवडल्यासारखा दिसतो. मुलाने त्यांचे रिकामे शंख गोळा केलेत, हे समुद्रातले आहेत का, घरात ठेवले तर चालतील का? आणि गोगलगायींवर मीठ टाकू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: समुद्राचा काही संबंध नाही हो, ही जमिनीवरचीच, आफ्रिकन शंखी गोगलगाय. मूळची पूर्व आफ्रिकेतली, आणि आपल्याकडे ती आपणहून आलेली नाही, १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मॉरिशसहून आणून कलकत्त्यात एका बागेत सोडली, तिथून पसरत गेली. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपं या गोगलगायींनी रातोरात फस्त केली, शेतकऱ्यांचं फार नुकसान झालं.

आता भिंतीचं. शंख म्हणजे जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट. अंग वाढेल तसा शंखही वाढवावा लागतो, त्याला कॅल्शियम कुठून तरी मिळवायलाच हवं, कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत ते कमी, म्हणून ती चुन्याची भिंत, प्लास्टर जिभेवरच्या बारीक दातांनी खरवडून खाते.

एक शंख हातात घेऊन बघा, खरंच बघण्यासारखा आहे. शेंडा टोकदार, फिकट अंगावर तांबूस-तपकिरी उभे पट्टे, आणि तोंडातून आत पाहिलं की मधली दांडी दिसते ती खाली कापल्यासारखी एकदम थांबते, ही चांगली खूण. वाढत्या गोगलगायीचा काठ पापडासारखा पातळ असतो, कारण नवीन थर तिथेच चढतो. जुने शंख वरची तपकिरी साल गेली की पांढरे पडतात.

रिकामे शंख मुलाला खुशाल ठेवू द्या, फक्त आधी उकळत्या पाण्यात घालून, ब्रशने घासून कडक उन्हात वाळवा. जिवंत गोगलगायीला मात्र उघडा हात लावू देऊ नका. उंदरांच्या फुफ्फुसातला एक जंत तिच्या अंगात असू शकतो, तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूपर्यंत जातो. परसातली पालेभाजीही नीट धुवा.

मीठ मातीत टाकू नका, झाडांची मुळं खराब होतील. त्यापेक्षा संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून भिंतीलगत टाका, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी ग्लोव्हज घालून उचला, साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा आणि मेल्यावर खड्ड्यात पुरा. भिंतीपलीकडे फेकणं म्हणजे शेजाऱ्याच्या गळ्यात घालणं, आणि हिच्यात नर-मादी वेगळे नसतात, प्रत्येक मोठी गोगलगाय अंडी घालू शकते, एका वेळी शंभर-दोनशे सुद्धा. कुंडीच्या मातीत साबुदाण्याएवढे पिवळट-पांढरे गोळे दिसले तर तीच अंडी, तीही काढून टाका.

दिसेल ती गोगलगाय मारू नका मात्र, एवढी कळकळीची विनंती. आपल्या सह्याद्रीतल्या कितीतरी लहान गोगलगायी कुजलेला पाला खाऊन गप राहतात. शंख लहान, चपटा, पट्टे नसलेला दिसला तर तिला तिच्या पाल्यात राहू द्या.