ग्रेहाउंड शर्यतीच्या कार्डावरून कुत्र्याची शक्यता कशी काढायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : ऐरोलीत डेटाच्या कामाला लागलोय, ब्रिटनमधल्या ग्रेहाउंड शर्यतींची कार्डं रोज समोर येतात. प्रत्येक कुत्र्याच्या मागच्या पाच-सहा शर्यतींच्या ओळी असतात. त्यावरून ‘याला जिंकायची संधी किती’ हे जाणकार कसं काढतात?

आधी एक सवय मोडा. नवा माणूस शेवटचे नंबर बघतो. 2, 1, 3 आला की चांगला, 5, 6, 5 आला की टाकाऊ. त्या नंबरात सगळ्यात कमी माहिती असते. सहा कुत्रे ताशी 60 किलोमीटरच्या आसपास वेगाने एकाच वळणात शिरतात आणि पाठीवर जॉकी नसतो. जो पुढे त्याला वाट मोकळी, मागचे एकमेकांना धडकतात. त्यामुळे पहिल्या वळणावर पुढे कोण असेल आणि अडकेल कोण, हे आधी ठरवायचं. वेग त्यानंतर.

त्यासाठी स्प्लिट बघा. ट्रॅप (कुत्रे ज्यातून सुटतात तो पेटीसारखा कप्पा) उघडल्यापासून विजयरेषा पहिल्यांदा ओलांडेपर्यंतचा हा वेळ. मागच्या पाच-सहा ओळींतले स्प्लिट काढा, एखादा फारच वेगळा असेल तर शेरा वाचून तो सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी घ्या. सहाही कुत्र्यांचं असं केलं की पहिल्या वळणाचं चित्र कागदावर उभं राहतं. मात्र स्प्लिटची तुलना एकाच ट्रॅकवर, एकाच अंतरात करायची. ट्रॅपपासून रेषेपर्यंतचं अंतर प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

आता एक ओळ जवळून वाचू. उदाहरणापुरती बनवलेली आहे : ट्रॅप 3, स्प्लिट 4.62, वळणांवरचे क्रम 5-5-4-3, शेवटी दुसरा, पावणेदोन लेंग्थने (लेंग्थ म्हणजे कुत्र्याच्या अंगाची लांबी) मागे, विजेत्याची वेळ 29.41, गोइंग (त्या दिवशी ट्रॅक किती जड-हलका, सेकंदाच्या शंभराव्या भागांत) उणे 10, शेरा ‘एसएडब्ल्यू, सीआरडी1, आरएनऑन’. म्हणजे कुत्रा ट्रॅपमधून उशिरा निघाला, पहिल्या वळणावर गर्दीत सापडला आणि तरीही शेवटपर्यंत जोर लावत आला. एक लेंग्थ म्हणजे 0.08 सेकंद. पावणेदोनचे 0.14, म्हणून त्याची स्वतःची वेळ 29.55. गोइंग उणे असेल तर वाळू जड होती, तेवढं वजा करायचं : 29.45. गोइंग अधिक असेल तर ट्रॅक पळता होता, तेवढं मिळवायचं. कार्डावर ‘कॅल्क’ वेळ छापलेली असते ती हीच, पण पहिले काही दिवस हाताने काढून बघा. उणे-अधिकचा घोळ हमखास होतो आणि उणे 20 उलटं धरलं तर 0.40 सेकंदांची, म्हणजे पाच लेंग्थची चूक पडते.

माझ्या मते कार्डावरचा सगळ्यात मोलाचा रकाना शेऱ्यांचा. ‘सीआरडी’ गर्दी, ‘बीएमपी’ धडक, ‘सीके’ अडून पाय आखडता घेणं. पुढचा आकडा वळणाचा. अशी अडचण एकदाच आली असेल तर ती ओळ माफ करा. पण सहापैकी चार ओळींत ‘एसएडब्ल्यू’ असेल, तर उशिरा सुटणं हा त्या कुत्र्याचा स्वभाव आहे आणि पुढची गर्दी त्यानेच ओढवून घेतलेली आहे. ‘आरएलएस’ म्हणजे आतल्या कठड्याला धरून पळणारा, ‘मिड’ मधून, ‘डब्ल्यू’ बाहेरून.

हा शेरा आणि आजचा ट्रॅप शेजारी ठेवा. ट्रॅप 1 कठड्यालगत (लाल जॅकेट), 6 सगळ्यात बाहेर (काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं). रेसिंग मॅनेजर (ट्रॅकवर शर्यती जुळवणारा अधिकारी) साधारण स्वभाव बघूनच ट्रॅप देतो, बाहेरून पळणाऱ्याच्या नावापुढे तशी खूणही असते. तरी बिनसतं ते दोन ठिकाणी. एक, राखीव कुत्रा दुसऱ्याच्या जागी आला की तो नको त्या ट्रॅपमधून सुटतो. दुसरं, 3 चा कुत्रा आत झुकणारा आणि 2 चा संथ सुटणारा असेल, तर 3 आडवा येऊन 2 ला कापतो. आपल्याकडे आठच्या लोकलला ठाण्याच्या पुलावर उलट्या बाजूने एकच माणूस घुसला की मागची रांग कशी थांबते, अगदी तसंच. उलट एखाद्याच्या शेजारचा ट्रॅप रिकामा राहिला तर त्या कुत्र्याची संधी वाढवा.

बाकीचं भराभर. ग्रेड म्हणजे शर्यतीचा दर्जा : ए1 सगळ्यात वरचा, आकडा वाढेल तसा खालचा. पण एका ट्रॅकचा ए3 दुसऱ्याच्या ए3 इतका नसतो. अडथळे येऊन हरलेला कुत्रा एक ग्रेड खाली आलाय का, हे जरूर बघा, चांगल्या संधी तिथे असतात. वजनात मागच्या शर्यतीपेक्षा 1 किलोहून जास्त फरक पडला तर कुत्रा बादच करतात, त्यामुळे अर्ध्या किलोच्या फरकाचा बाऊ नको. मादी माजावर आल्याची तारीख कार्डावर असते. परतल्यावरच्या पहिल्या शर्यतींत ती मंद असू शकते, त्या ओळींवर निकाल देऊ नका. एकट्याने पळवलेल्या ट्रायलची वेळ शर्यतीच्या वेळेशी कधीच जुळवू नका, तिथे धक्का द्यायला कुणी नसतं.

शेवटी टक्के. सहा जणांत प्रत्येकाला सुरुवातीला 16.7 द्या, मग स्प्लिट, ट्रॅप आणि दुरुस्त (कॅल्क) वेळ बघून कमी-जास्त करा, बेरीज 100 च हवी. हे बाजारभावाशी ताडून बघताना भाव आहे तसा वापरू नका. समजा भाव 2/1 (म्हणजे 1 लावला तर 2 नफा, संधी तीनात एक), 5/2, 4/1, 5/1, 6/1, 10/1 आहेत. टक्क्यांत 33.3, 28.6, 20, 16.7, 14.3, 9.1, बेरीज 122. वरचे 22 हा बुकीचा वाटा. प्रत्येक आकड्याला 1.22 ने भागा, मग पहिल्याची खरी धरलेली संधी 27 टक्के निघते. तुमच्या आकड्यात आणि त्यात दहाचा फरक दिसला तर आधी स्वतःची ओळ पुन्हा वाचा, बहुतेक वेळा एखादा शेरा नजरेतून सुटलेला असतो.

आणि तुमच्या फाइलसाठी : तारीख ब्रिटनचीच ठेवा. हिवाळ्यात तिथली रात्री 9.15 ची शर्यत आपल्याकडे पहाटे 2.45 ला असते, उन्हाळ्यात 1.45 ला. सिस्टिमने आपली तारीख टाकली की दोन शर्यतींमधले दिवस एकाने चुकतात.