कार आणि दुकानातला छोटा जनरेटर, दोन्हींसाठी पोर्टेबल जंप स्टार्टर कोणता घ्यावा? (पुणे)

दोन्हींना एकच जंप स्टार्टर (उतरलेल्या बॅटरीचं इंजिन सुरू करून देणारी छोटी बॅटरी) चालेल, फक्त जनरेटर सेल्फ-स्टार्टचा आणि त्याची बॅटरी 12 व्होल्टचीच आहे ना, ते आधी बघा. खोक्यावर ठळक छापलेल्या पीक अँपिअरला भुलू नका. तो आकडा क्षणभराचा असतो. क्रँकिंग अँपिअर, म्हणजे इंजिन फिरवताना काही सेकंद टिकणारा करंट, किती, ते दुकानदाराला विचारा. डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त, म्हणून करंटही जास्त लागतो. कार डिझेल असेल तर एक पायरी वरचाच घ्या.

चिमटे उलटे लागले तर संरक्षण हवंच. ते नसलेला कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. लाल चिमटा आधी बॅटरीच्या प्लसला, मग काळा इंजिनाच्या उघड्या धातूला. काढताना काळा आधी.

एप्रिल-मेच्या पुणेरी उन्हात जंप स्टार्टर बंद गाडीत ठेवू नका, त्यातले लिथियम सेल फुगतात. आणि दोन-तीन महिन्यांनी आठवणीने चार्ज करा.